रडकं गाणं एकबी नको

निशिगंधाच्या तोंडाला कुलूप होतं तोवर शिवाजी पेठेत सगळं सुखात चाललं होतं. आठवीपर्यंत ही पोरगी हजेरीलाही नुसता हात वर करायची. घरी पावणं आलं की ही दाराआड. मग नववीच्या गॅदरिंगला निवेदन करणाऱ्या मुलीचा घसा बसला, बाईंनी जी समोर दिसली तिला स्टेजवर ढकललं, आणि ती निघाली निशिगंधा. हातात माईक, समोर अख्खी शाळा. भीतीच्या भरात ती काहीतरी बोलून गेली आणि पटांगण खदखदून हसलं. त्या दिवशी जे कुलूप उघडलं, त्याची किल्ली घरच्यांना आजतागायत सापडलेली नाही. आता दहावीत आलेली ही बया चहा उकळलाय हेसुद्धा सभेत जाहीर केल्यासारखं सांगते.

तर अशी ही निशिगंधा एका संध्याकाळी वडिलांचा विसरलेला चष्मा द्यायला निशाण तालमीच्या वरच्या हॉलमध्ये गेली. तिथं आखाडाच्या जेवणाची मीटिंग बसली होती. श्रावण लागला की मटण बंद, म्हणून त्याच्या आत काय ते चापून घ्यायचं, हा कोल्हापुरातला आखाडाचा साधा हिशेब. पण यंदाचं जेवण खास होतं. कोल्हापुरात तालीम म्हटली की कुस्तीबरोबर फुटबॉलही आलाच. तालमीची जुनी ज्युनिअर फुटबॉल टीम, म्हणजे त्यातले अजून पेठेत उरलेले पाच जण, सहकुटुंब एकत्र जेवणार होते. एके काळी सतरा-अठरा वर्षांची असलेली ही पोरं आता सत्तेचाळिशीला टेकली होती. कॅप्टन विजयसिंहकाकांचं हार्डवेअरचं दुकान होतं आणि हल्ली ते कुठंही जायचे तर आधी त्यांचं पोट पोचायचं, मग कॅप्टन.

"गाणी आमच्या टायमाची पायजेत," विजयसिंहकाका टेबलावर थाप मारून म्हणाले. "मिसरूड फुटतानाची. आत्ताचं ते ढुमढुम नको. आणि एक ध्यानात ठेवा, रडकं गाणं एकबी नको. आपली टीम रडकी न्हवती."

"न्हवतीच!" बाकीचे चौघे एका दमात ओरडले.

"मी बघतो की काका," यशराज म्हणाला. हा निशिगंधाचा चुलतभाऊ. कॉलेजला नाव घातलेलं, पण खरी इस्टेट म्हणजे दोन स्पीकर, एक मिक्सर, एक लॅपटॉप आणि तीन गॉगल. "आपला सेटअप हाय. नाद खुळा करून टाकू."

"मी करतो," निशिगंधा म्हणाली. पेठेतल्या बाकीच्या पोरींसारखी तीही करतो, जातो, येतो असंच म्हणते. शाळेतल्या मराठीच्या बाईंनी हात टेकलेत.

"तू गप घरला जा. दहावी हाय तुझी," तिचे वडील म्हणाले. धैर्यशील, निशाणचे गोलकीपर. गोलपोस्ट सुटून जमाना झाला, पण स्वभाव सुटला नव्हता. समोरून काहीही आलं की आधी अडवायचं, मग बघायचं काय होतं ते.

पण या वेळचा शॉट त्यांच्या दोन पायांतून गेला. "आणि काका," निशिगंधा थेट कॅप्टनला म्हणाली, "मला जमलं तर गणपतीत साऊंड मी चालवणार."

हॉलमधल्या सगळ्या माना तिच्याकडं वळल्या. तालमीच्या गणपतीत साऊंड म्हणजे पोरांची जहागीर. पोरींनी रांगोळी काढायची, आरतीचं ताट धरायचं आणि लांबून "दादा, ते गाणं लाव की" म्हणून कोकलायचं. दादा काही लावायचा नाही. मिक्सरच्या मागं उभं राहून, एक बोट खटक्यावर ठेवून अख्ख्या पेठेला नाचवायचं, हे स्वप्न निशिगंधा तोंडाला कुलूप होतं तेव्हापासून बघत होती.

विजयसिंहकाका पोट हलवत हसले. "ठरलं. आम्ही पाची जण खुर्चीवरनं उठून नाचलो, तर गणपतीत साऊंड तुझा. न्हाय नाचलो तर येशाचा."

"शब्द?"

"कॅप्टनचा शब्द."

जिना उतरताना यशराज तिच्या कानाशी आला. "निशे, ह्यांचे गुडघे बघितलेस काय? ह्यांना नाचवायला साऊंड न्हाय, क्रेन लागंल."

दुसऱ्या दिवसापासून निशिगंधा कामाला लागली. पाची जणांकडून तरुणपणीची गाणी गोळा करायची आणि त्यांचा एक सलग मिक्स बनवायचा. चारचौघांत विचारलं की सगळे छाती काढून धडाकेबाज गाणी सांगायचे, आणि वर एक भाषण फुकट. "तुमचं काय, बोट लावलं की गाणं. आम्ही कोरी कॅसेट घेऊन दुकानात जायचो. गाणी लिहून द्यायची आणि आठ-आठ दिवस वाट बघायची, तेव्हा कुठं भरून मिळायची." हे भाषण तिनं इतक्यांदा ऐकलं की तेही मिक्समध्ये घालावं की काय असं तिला वाटायला लागलं.

मग सुरू झाली चोरटी वर्दळ.

पहिले आले गुंडूकाका. टीममध्ये फुलबॅक होते तेव्हा दरवाजाएवढे होते, आता वेशीएवढे झालेत. गल्लीच्या तोंडाला त्यांची दूध डेअरी. निशिगंधा दूध आणायला गेली तर तिला कॅनच्या मागं बोलवून म्हणाले, "एक गाणं राहिलंच बघ. 'खाली झोली लेके हम घर को चले, ओ साजना.' कुठं मिळतंय काय?"

"काका, हे तर रडकं हाय!"

"शू! मला न्हाय ग आवडत. आमच्या म्हशीला आवडतंय. धार काढताना म्हणतो मी."

"म्हस येणार हाय व्हय जेवायला?"

"तू जादा बोलू नको. घाल म्हणजे घाल. आणि अंबाबाईची शपथ घे, कुणाला सांगायचं न्हाय."

निशिगंधानं शपथ घेतली. दुपारी प्रसेनजीतकाकांचा फोन आला. निशाणचे सेंटर फॉरवर्ड, आता बँकेत मॅनेजर. त्या काळी पळताना त्यांचे केस उडायचे म्हणे. ते उडाले ते उडालेच. "निशिगंधा बेटा, एक खाजगी विनंती आहे," ते बँकेतल्या आवाजात म्हणाले. "आमच्या एका ग्राहकाला एक गाणं हवंय. 'खाली झोली लेके...' नाव मात्र गुप्त ठेवावं."

"ग्राहकाचं?"

"सगळ्यांचंच."

बाबासोकाका पूर्वीचे विंगर, आता गाड्यांच्या गॅरेजचे मालक. ते निशिगंधाच्या आईच्या स्कूटरच्या खाली डोकं घालूनच बोलले, म्हणजे चेहरा दिसायचा प्रश्न नाही. "बायकोच्या माहेरी ह्या गाण्याला लई मान हाय," स्कूटर म्हणाली. "घाल एकदा. पर माझं नाव घेतलंस तर ब्रेक सैल करून ठेवीन."

आणि तिसऱ्या दिवशी सकाळी दाढीचा फेस तोंडावर घेऊन खुद्द वडील. "निशे, ते एक गाणं... 'खाली झोली'... तुझ्या आईला लई आवडतं."

"मला कुठलं आवडतं?" स्वयंपाकघरातून आई.

"काय न्हाय, काय न्हाय! तू भाकरी बघ!"

आता शहाण्या माणसानं काय केलं असतं? ते गाणं एकदाच घातलं असतं आणि चौघांना आपापल्या जागी खूश होऊ दिलं असतं. पण निशिगंधा शहाणी नव्हती, शब्दाची पक्की होती. शपथा चार, तर गाणंही चार वेळा! एकदाच वाजवलं आणि गुंडूकाकांच्या म्हशीला वाटलं की हे बाबासोकाकांच्या सासुरवाडीसाठी होतं, तर? इंटरनेटवर खणून खणून तिनं ते गाणं काढलं. तीन दिवसांत पडलेल्या कुठल्याशा सिनेमातलं होतं आणि कुणी भल्या माणसानं गुलाबाच्या फुलाचा फोटो लावून ते चढवलं होतं. आवाज मात्र स्वच्छ, चांदीच्या वाटीवर चमचा वाजवल्यासारखा. भाजीत कढीपत्ता टाकावा तसं तिनं ते चार ठिकाणी टाकलं आणि निर्धास्त झोपली.

रविवारी हॉल भरला. बायकापोरं आली, खालच्या अंगणातून मटणाचा वास जिन्यानं वर आला, यशराज छपराखालीही गॉगल घालून लॅपटॉपशेजारी हाताची घडी घालून उभा राहिला. निशिगंधानं माईक घेतला. "निशाण तालमीच्या माजी वाघांनो आणि त्यांना सांभाळणाऱ्या काकूंनो! ताटं सांभाळा, गुडघे सांभाळा, आम्ही सुरू करतोय!"

पहिलं गाणं दणक्यात लागलं. पाच खुर्च्यांखाली दहा पाय ताल धरायला लागले. पण वर काही सरकेना.

"ऊठ की रं, गुंड्या."

"तू ऊठ. तू कॅप्टन हाईस."

"आधी रस्सा संपू दे."

दोन गाणी गेली, तीन गेली. आणि मग लागलं 'खाली झोली'. चौघांचे घास हातातच थांबले. चौघांनीही मान वर केली, श्वास धरला. दुसरं कडवं आलं. गायक आपला नीट, सुरेल गात राहिला. आणि चौघांचे चेहरे मिठाशिवायच्या रश्शासारखे पडले.

"ए! हे रडकं कुणी घातलं?" विजयसिंहकाका गरजले. चौघे छताकडं बघायला लागले. पंखा त्यांनी जन्मात पहिल्यांदाच बघितला असावा.

"तांत्रिक बिघाड!" निशिगंधा माईकवर म्हणाली आणि पुढचं गाणं सुरू झालं.

थोड्या वेळानं पुन्हा 'खाली झोली'. आता प्रसेनजीतकाका उठून आले. "बेटा, गाणं चुकीचं लागलंय. म्हणजे... ग्राहकाचं तसं म्हणणं आहे."

"काका, तेच गाणं हाय. तोच सिनेमा, तोच गायक."

"नाही ग. हा फारच सरळ गातोय."

"गाणं सरळच गातात की काका!"

त्यांच्या पाठोपाठ गुंडूकाका. "पोरी, ह्यो त्यो न्हवं. आमचा मधीच मटकन खाली बसतोय." निशिगंधाला काही कळेना. गायक बसून गातो की उभा राहून, हे ऐकणाऱ्याला कसं कळणार?

तिसऱ्यांदा 'खाली झोली' लागलं तेव्हा बारकी पोरं "बंद करा, बंद करा" म्हणून नाचायला लागली. त्या हॉलमध्ये नाचणारी तेवढीच. काकू मंडळींनी आपसात बोलायला सुरुवात केली. यशराजनं गॉगल वर केला आणि लॅपटॉपकडं हात नेला. "बास, निशे. एकच गाणं तीनदा? गुंडूकाकांच्या म्हशीनं पण याहून बरा मिक्स केला असता. सोड. गणपती माझा."

निशिगंधाचे कान तापले. हॉलच्या दाराआड किती छान अंधार होता! जावं आणि उभं राहावं, पूर्वीसारखं, कुणीच काही विचारणार नाही. तोंडाला परत कुलूप लागल्यासारखं झालं. गणपतीत परत लांबून कोकलायचं, आणि दादा परत लावणार नाही.

तेवढ्यात वडील उठून आले. आता हे अडवणार, हे नक्की. पण ते तिच्या जवळ वाकले आणि हळूच म्हणाले, "निशे, तुझं काय चुकलं न्हाय. गाणं बरोबर हाय. पर आमचं न्हाय."

"म्हणजे काय, पप्पा?"

"आमचं गाणं दुसऱ्या कडव्याला बसतंय."

"बसतंय म्हणजे कसं? म्हणून दाखवा की!"

वडिलांनी डावीकडं बघितलं, उजवीकडं बघितलं. कॉर्नर किक यायच्या आधी बघायचे तसं. मग खाली वाकून, चिखलात रुतलेल्या रेड्याच्या आवाजात त्यांनी सूर लावला, "खाऽऽऽलीऽऽऽ झोऽऽऽऽलीऽऽऽ..."

निशिगंधाच्या हातातला माईक चालू होता.

दोन्ही स्पीकरमधून तो रेडा हॉलभर हंबरला, जिन्यावरून खाली गेला, आणि अंगणात रस्सा ढवळणाऱ्या आचाऱ्याचा डाव पातेल्यात पडला. सगळे थिजले. वडिलांना कळलं काय झालं ते, आणि ते जागच्या जागी गोलपोस्टसारखे उभे राहिले.

आणि मग मागून, तोंडात भाकरीचा घास, डोळे मिटलेले, गुंडूकाकांचा आवाज आला, "लेऽऽऽकेऽऽऽ हऽऽऽम..."

बाबासोकाकांनी उचललं, "घऽऽऽर कोऽऽऽ..." आणि ते अगदी तळाला गेले असताना प्रसेनजीतकाका खुर्चीवरून ताडकन उठले. पुढचा तुकडा बँकेच्या मॅनेजरनं उंदराच्या आवाजात, एका दमात म्हटला, "घरकोचलेघरकोचलेओसाजना!" मग चौघांनी मिळून पुन्हा रेडा. मग पुन्हा उंदीर. कुठं बसायचं, कुठं पळायचं, एकाचीही चूक नाही.

गाणं संपलं आणि चौघे एकमेकांकडं बघत राहिले.

"तुला कसं ठाऊक?" बाबासोकाकांनी गुंडूकाकांना विचारलं. "तू तर झोपलावतास टेम्पोत!"

"मी कुठला झोपतोय! तू झोपलावतास. गुडघ्यात डोस्कं घालून."

"मी झोपलो न्हवतो," बाबासोकाका म्हणाले.

"कुठला टेम्पो?" निशिगंधानं माईकवरूनच विचारलं. आता अख्ख्या हॉलला तेच विचारायचं होतं.

तेव्हा तुकड्या-तुकड्यांनी गोष्ट बाहेर आली. ही मंडळी अठराची असताना गडहिंग्लजला फायनल होती. मॅच बरोबरीत सुटली, पेनल्टीवर गेली, आणि निशाण हरलं. मैदानातच कॅप्टननं दम दिला, निशाणची टीम रडत न्हाय. मग पोरं टेम्पोच्या मागच्या हौद्यात, वर ताडपत्री, आत काळोख. ड्रायव्हरच्या कॅसेटवर हे गाणं लागलं आणि टेप अडकला. कोल्हापूर येईपर्यंत तेच, पुन्हा पुन्हा तेच. निम्म्या वाटेत गायकाचा आवाज दुसऱ्या कडव्याला खचायला लागला, आणि मग दमून पळायला लागला.

"मला वाटलं मी एकटाच रडतोय," प्रसेनजीतकाका म्हणाले. त्यांची बँकेतली भाषा कुठं गळून पडली त्यांनाही कळलं नाही. "म्हणून झोपल्याचं सोंग घेतलं की रं."

"मीबी!"

"मीबी की! मी घोरून पण दाखवलं थोडं."

"टेप अडकला म्हणून वाचलो," गुंडूकाका डोळे पुसत म्हणाले. "न्हायतर माझं हुंदकं केबिनपतुर गेलं असतं."

"टेप अडकला न्हवता," कोपऱ्यातून आवाज आला.

विजयसिंहकाका ताटातल्या हाडाशी बोलत होते. "मी पुढं ड्रायव्हरशेजारी बसलोतो. गाणं संपत आलं की बटण दाबून मागं घ्यायचो. परत लावायचो."

"का पण?" चौघे ओरडले.

"पेनल्टी कोण चुकलंतं? मीच न्हवं?"

चौघेही छताकडं बघायला लागले. पंख्याचा आज दिवसच होता.

"गाणं बंद झालं असतं तर तुम्हाला ऐकायला गेलं असतं की!"

"काय?"

"कॅप्टन भोकाड पसरून रडतोय ते!"

"अरं, पण मागं तरी कितीदा घेतलास?"

"कॅसेटचा जीव गेला म्हणजे बघ की! तिची फीत ओढून ओढून लांबली म्हणून त्यो मधीच बसायला लागला. ड्रायव्हर पण रडला शेवटी. त्याची कॅसेट हुती."

चौघांनी कपाळाला हात लावला. मग गुंडूकाकांच्या पोटातून एक गुडगुड निघाली, छातीपर्यंत आली आणि हसण्याचा असा भडका उडाला की खुर्चीचा एक पाय गेला. "म्हणजे अख्खी टीमच रडकी हुती!"

निशिगंधाच्या डोक्यात मात्र दुसरंच चाललं होतं. शपथा चार होत्या आणि गाणं अजून तीनदाच वाजलं होतं. "येशादा," ती म्हणाली, "गाण्याचा स्पीड कमी-जास्त कुठनं होतोय?"

यशराज नाही म्हणू शकला असता. गणपती त्याच्या खिशात होता. पण रेडा-उंदीर पुन्हा ऐकायची त्यालाही खाज सुटली होती. त्यानं गॉगल काढला आणि स्क्रीनवर बोट ठेवलं. "ह्यो खटका. खाली ओढला की बसतंय, वर ढकलला की पळतंय."

निशिगंधानं माईक तोंडाशी नेला. तोंडाचं कुलूप कुठल्या कुठं गेलं होतं. "निशाण तालमीच्या सन्माननीय रडक्यांनो! गडहिंग्लजहून निघालेला टेम्पो आता कोल्हापूरकडं येतोय. सीट पकडा!"

गाणं लागलं. पहिलं कडवं सरळ गेलं. दुसऱ्याला तिनं खटका खाली ओढला, गायक मटकन बसला, आणि पाच खुर्च्या एकदम रिकाम्या झाल्या.

पाची जणांनी एकमेकांच्या खांद्यावर हात टाकले आणि रंकाळ्यात उतरलेल्या म्हशींसारखे ते डुलायला लागले. डावीकडं... उजवीकडं... निशिगंधानं खटका वर ढकलला. पाची जण टुणटुण उड्या मारायला लागले, पोटं आपापल्या वेगळ्या तालात. खाली ओढला, म्हशी. वर ढकलला, उंदीर. एका बोटानं आपण एक बँक मॅनेजर, एक डेअरी, एक गॅरेज, एक हार्डवेअरचं दुकान आणि स्वतःचा बाप हवा तसा पळवतोय, हे लक्षात आल्यावर तिनं गाणं संपूच दिलं नाही. संपत आलं की मागं घ्यायचं, परत लावायचं. काकू मंडळी मोबाईलवर शूटिंग करत होत्या. आचारी डाव घेऊन जिन्यात नाचत होता. "मला आवडतं व्हय हे गाणं?" आई ओरडून विचारत होती, आणि वडील उंदीर असल्यामुळं उत्तर देऊ शकत नव्हते.

शेवटी गुडघ्यांनी संप पुकारला तेव्हा कुठं थांबलं. विजयसिंहकाका घाम पुसत मिक्सरपाशी आले. चेहऱ्यावर पुन्हा कॅप्टन चढवला होता.

"शब्द म्हणजे शब्द. गणपतीत साऊंड तुझा," ते म्हणाले. "येशा वायरी धरंल."

"सेटअप माझा हाय, हां!" यशराज म्हणाला, पण गॉगल काही त्यानं परत घातला नाही.

"आणि एक ध्यानात ठेव. गणपतीत रडकं गाणं..."

"एकबी नको. ठाऊक हाय, काका."

विजयसिंहकाका जायला वळले, थांबले. डावीकडं बघितलं, उजवीकडं बघितलं. मग तिच्या जवळ वाकून हळूच म्हणाले, "एकदा चालंल. विसर्जन करून रिकामा टेम्पो परत फिरला की लाव. बसणारंच लाव. पर शपथ घे, कुणाला सांगायचं न्हाय."

माईक अजून चालूच होता.